मराठी माध्यमातून एलएलबीला आलोय, कायद्याचं इंग्रजी कसं शिकू?

अडवतात ते अवघड शब्द नव्हेत, ओळखीचेच. 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार, असं आपण शाळेत शिकलो. १८७२ च्या करार कायद्यात तेच 'प्रतिफल' होतं, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला. दस्त 'एक्झिक्यूट' करणं म्हणजे सहीनिशी पूर्ण करणं, पण हुकूमनामा, म्हणजे दाव्यात कोर्टाने दिलेला निर्णय, 'एक्झिक्यूट' करणं म्हणजे त्याची अंमलबजावणी, आपल्या कोर्टातली दरखास्त! असे शब्द वहीत वाक्यासकट उतरवा.

संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद मोठ्याने वाचा. एकविसावा आधी घ्या, एकाच वाक्याचा आहे. 'शाल' (shall, सहसा बंधन) आणि 'मे' (may, सहसा मुभा) दिसले की खाली रेघ ओढा. मराठी मात्र सोडू नका. उच्च न्यायालयात इंग्रजी लागेल, पण तालुका कोर्टात पक्षकार तुमच्याशी मराठीतच बोलणार आहे.