आयसीयूत मॉनिटर वाजत असतो आणि सिस्टर नुसतं बटण दाबून जातात, हा निष्काळजीपणा नाही का?

तुमचे वडील आयसीयूत आहेत, मॉनिटर सारखा वाजतोय आणि सिस्टर बटण दाबून निघून जातात, हे वाचलं आणि नाईट करून आल्याआल्या लिहायला बसले. चौदा वर्षं आयसीयूत आहे. आवाज थांबवायचं ते बटण मीही दाबते.

निष्काळजीपणा? बहुतेक वेळा नाही. पेशंटने हात हलवला, बोटावरचा ऑक्सिजन मोजायचा प्रोब सरकला, घामाने छातीवरचा चिकटपट्टीचा इलेक्ट्रोड सुटला, की झालं सुरू. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात पाच आयसीयूंमधल्या ७७ बेडचे अलार्म ३१ दिवस नोंदवले होते. पंचवीस लाखांच्या वर भरले. नुसते ऐकू येणारे धरले तरी एका बेडमागे दिवसाला १८७. ठोके बिघडल्याचे जे अलार्म तपासून पाहिले, त्यातले जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. एवढं ऐकल्यावर आवाज कानावर पडतो, पण पाय उठत नाहीत.

माझंच सांगते. सहा वर्षांपूर्वीची नाईट. आठ बेड, आम्ही तिघी. चार नंबरच्या काकांचे हात बर्फासारखे गार, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, मशीन धरतच नव्हतं. प्रोब या बोटावरून त्या बोटावर, शेवटी पायाच्या अंगठ्याला लावला. दोन मिनिटं शांत, परत तेच. पहाटे साडेचारला मी दोन नंबरची नॉरअ‍ॅडची सिरिंज बदलत होते. ते औषध क्षणभर थांबलं तरी बीपी कोसळतं, हातचं सोडता येत नाही. अलार्म वाजला. चार नंबरच असणार असं धरून मी मान वर केली नाही. सहा नंबरची युरीन बॅग रिकामी करायला आलेल्या मावशी ओरडल्या, "सिस्टर, यांची छाती हलत नाहीये!" व्हेंटिलेटरची नळी निसटली होती. मी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावली तेव्हा सॅच्युरेशन ५८ होतं. पेशंट सावरले, चार दिवसांनी वॉर्डात गेले. मला मेमो मिळाला.

चूक माझी होतीच, तसं लिहूनही दिलं. पण सोबत विचारलं, की सगळ्या बेडना हार्ट रेटची वरची लिमिट १००च का? सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला पेशंट बऱ्याचदा ११५वरच असतो, त्याचा अलार्म रात्रभर कुणासाठी वाजतो? इनचार्ज म्हणाल्या, "लिमिटला हात लावायचा नाही. काही झालं तर जबाबदार कोण?" हे वाक्य मला अजून पटलेलं नाही. बॉस्टन मेडिकल सेंटरच्या हृदयरोग वॉर्डात हात लावलाच ना! बारीकसारीक अलार्म काढले, गंभीर तेवढे ठेवले, आणि दोन सिस्टरचं एकमत झालं तर पेशंट बघून लिमिट बदलायची मुभा दिली. आठवड्याला ८७,८२३ अलार्म वाजायचे, ते ९,९६७वर आले. जॉन्स हॉपकिन्समध्ये नुसते इलेक्ट्रोड रोज बदलले तर अलार्म सरासरी ४६ टक्क्यांनी घटले. आमच्याकडे इलेक्ट्रोड वाळून गळून पडेपर्यंत तोच, कारण नवा मागितला की हिशोब विचारतात.

तर तुम्ही सिस्टरवर ओरडू नका. बाबांच्या लिमिट त्यांच्याप्रमाणे लावल्यात का, ते डॉक्टरांना विचारा. एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरचे किती पेशंट आहेत, ते मॅनेजमेंटला विचारा.

हां, एक राहिलं. बटण दाबायच्या आधी नजर पेशंटकडे जायलाच हवी. न बघताच दाबत असतील किंवा अलार्मचा आवाजच कायमचा बंद केला असेल, तर तो निष्काळजीपणाच, तिथे मी कुणाची बाजू घेणार नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनकडे २००९ ते २०१२च्या मध्यापर्यंतच्या साडेतीन वर्षांत अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या ८० जणांचा जीव गेला. आणि कितीही वाजलं तरी तुम्ही स्वतः त्या बटणाला हात लावू नका, सिस्टरला हाक मारा.

मॅनेजमेंटला विचाराल ते लेखी विचारा. मी मेमोसोबत दिलेलं पत्र फाईलला लागलं. लिमिटबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.