कॅमेऱ्याच्या शंका: अजिंठ्याला जायचंय, कॅमेरा कोणता घेऊ?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत सुरतहून नणंद मुलांना घेऊन येतेय. आम्ही नऊ जण आधी अजिंठा आणि मग चाळीसगावकडे पाटणादेवी असं फिरणार आहोत. घरातला पहिलाच डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, पन्नास हजारांपर्यंत. दुकानदार चाळीस पट झूमचा, लेन्स न निघणारा कॅमेरा पुढे करतो. भाचा म्हणतो, लेन्स बदलता येणाराच घे. आमचे हे म्हणतात, मोबाइल आहे ना! काय करू? – एक वाचक भगिनी, चोपडा

उत्तर: ताई, दाजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. लेण्यांबाहेर उन्हात नऊ जणांचा फोटो मोबाइलवर झकास येतो. कॅमेऱ्याचा कस लागतो अंधारात, आणि तुम्ही निघालात अजिंठ्याला.

माझीच फजिती सांगतो. भुसावळला माझा स्टुडिओ होता, २५ वर्षं लग्नं काढली, सगळी रोलवर. २००५ साली घरच्यासाठी म्हणून एक छोटा डिजिटल घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन अजिंठा गाठलं. म्हटलं, आपल्याला यात काय शिकायचंय! पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर बटण दाबलं आणि लख्खकन फ्लॅश उडाला. पहारेकरी धावत आला. दीड हजार वर्षांची चित्रं ती, फ्लॅशला मनाई आहे हे मलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फ्लॅश बंद कुठून करायचा. मी मेनू चाचपतोय, तो म्हणतोय ‘आधी बाहेर व्हा’, मेहुणा खो खो हसतोय. पुढे फ्लॅश बंद झाला, तर सगळे फोटो हललेले. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘जावईबापू, यात मी कोणती?’

तर दुकानदाराला मेगापिक्सेल विचारत बसू नका. चार बाय सहाच्या प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, आज कुठलाही कॅमेरा त्याच्या कितीतरी पुढे आहे. विचारायचं ते हे, की सेन्सर, म्हणजे रोलच्या जागी बसून चित्र टिपणारा आतला तुकडा, केवढा? त्या चाळीस पट झूमवाल्यात तो बहुधा सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा असतो. भाचा म्हणतो त्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत साधारण तेवीस बाय पंधराचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. उजेड झेलायला बारा-तेरा पट जागा. पाटणादेवीच्या जंगलात पक्षी टिपायला झूम कामी येईल, पण लेण्यात त्याचे फोटो रवाळ निघतील. भाचा बरोबर आहे.

तुमच्या पैशांत सुरुवातीची बॉडी आणि १८-५५ची, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटर अशी थोडी जवळ-लांब होणारी लेन्स बसते. डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (बिनआरशाचा)? दोन्ही दुकानातच गळ्यात अडकवून पाहा, दिवसभर वागवायचाय तुम्हालाच. मिररलेस हलका, आणि फोटो किती उजळ येणार ते आधीच पडद्यावर दिसतं, नवख्याला ते सोपं. बॅटरी मात्र लवकर उतरते. दुकानदार दुसरी लांब लेन्स गळ्यात मारायला बघेल, सध्या नको. त्या पैशांत जास्तीची बॅटरी आणि ३२ जीबीची दोन कार्डं घ्या. बिल आणि वॉरंटीकार्ड घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

आणि खरेदी दसऱ्याला करा, धनतेरसची वाट पाहू नका. मधले वीस दिवस हात बसायला लागतात. सराव कुठे? स्वयंपाकघरात. आजेसासूबाई असतील आणि घरात अजून चुलीवर खापर चढत असेल, तर त्यांना एकदा मांडे करायला सांगा. धुरकट खोली, दाराच्या फटीतून एक तिरीप, हातावर फिरत मोठा होत जाणारा मांडा. हा फोटो फ्लॅशशिवाय साधला की लेण्याची धास्ती नाही. मोडची चकती ‘ऑटो’वर नको, ‘पी’वर ठेवा, म्हणजे फ्लॅश आपण होऊन उघडत नाही. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात चित्र उजळ करणारा मेनूतला आकडा, १६०० ते ३२००. फोकससाठी पेटणारा बारका दिवाही मेनूत जाऊन बंद करा, मला पुन्हा एकदा त्यावरूनच बोलणी बसली होती. लेन्स १८वरच राहू द्या. ५५वर नेली की आत येणारा उजेड निम्म्याहून कमी होतो, म्हणून जवळचं हवं तर दोन पावलं पुढे व्हा. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास अर्धा सोडा, मग दाबा. ट्रायपॉड घरीच ठेवा, परवानगीशिवाय तो आत लावू देत नाहीत.

धुळीत लेन्स काढू नका. कॅमेरा बंद गाडीत उन्हात टाकून जाऊ नका, आपल्याकडचं ऊन दिवाळीतही साधं नसतं.

चाळीसगावला जाताच आहात, तर स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर बघा. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता या माणसाने टेबलावर मांडणी करून फोटो काढले. मुलांनाही दाखवा. भाच्याला तर नक्कीच, लेन्सचा फार सोस दिसतो त्याला.

गाडी ठरवण्याआधी कॅलेंडर पाहा. अजिंठा सोमवारी बंद असतं. आणि गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून पुढचे चार किलोमीटर बसने जायचंय, तेव्हा बॅटरी डिकीत विसरू नका.