दुचाकींची लिस्ट वाहनांच्या लिस्टमध्ये कशी कॉपी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, जावा या प्रोग्रामिंग भाषेत ‘दुचाकी’ हा ‘वाहन’ या क्लासचा सबक्लास, म्हणजे त्याचाच एक उपप्रकार, असूनही ‘लिस्ट<दुचाकी>’ ही ‘लिस्ट<वाहन>’ म्हणून कंपायलर (कोड चालण्याआधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) का स्वीकारत नाही, आणि मग ती कॉपी कशी करावी. म्हापशात गाड्या भाड्याने देणाऱ्या एका व्यावसायिकासाठी मी जवळपास हेच क्लास लिहिले आहेत, म्हणून उदाहरण तिथलेच घेते.

कंपायलर अडवतो ते योग्यच आहे. समजा, त्याने दुचाकींची लिस्ट वाहनांची म्हणून चालवून घेतली, तर त्या दुसऱ्या नावाने कोणीही तिच्यात जीप घालू शकेल, कारण जीपही वाहनच आहे. पण लिस्ट मुळात एकच असल्यामुळे पहिल्या नावाने ती वाचणारा कोड त्या जीपकडे हेल्मेटांची संख्या, म्हणजे फक्त दुचाकीत असलेले फील्ड, मागू लागेल. अ‍ॅरेंना जावाने ही मुभा दिली आहे, आणि तिथे ही चूक थेट प्रोग्राम चालू असताना ‘अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन’ होऊन समोर येते. २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स, म्हणजे लिस्टमध्ये कोणत्या प्रकारचे ऑब्जेक्ट असतील ते आधीच सांगण्याची सोय, आले; ते हा धोका कंपाइल होतानाच पकडतात.

उपाय सोपा आहे. ‘वाहन’ प्रकारची नवी अ‍ॅरेलिस्ट तयार करताना कन्स्ट्रक्टरला (नवा ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडला) दुचाकींची लिस्ट द्यावी. तो सबक्लासच्या लिस्टही स्वीकारतो. नुसते वाचायचे असेल, तर कॉपीची गरजच नाही, मेथडचा पॅरामीटर ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स वाहन>’ असा, म्हणजे ‘वाहन’ किंवा त्याच्या कोणत्याही सबक्लासची लिस्ट चालेल असा, ठेवला की पुरते.

खरी काळजी पुढे आहे, आणि ती मला नुकसान झाल्यावर कळली. अशा कॉपीत लिस्ट नवी असते, आतले ऑब्जेक्ट मात्र तेच असतात. पावसाळ्यात दर उतरवला तर उत्पन्न किती होईल, एवढेच पाहण्यासाठी मी कॉपी केलेल्या लिस्टमधील प्रत्येक गाडीचा दर ४०० वरून ३०० केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली स्कूटर घ्यायला आलेल्या ग्राहकाच्या पावतीवरही ३०० छापून आले, कारण हिशेबातली स्कूटर आणि काउंटरवरची स्कूटर हा एकच ऑब्जेक्ट होता.

म्हणून ऑब्जेक्ट बदलायचे असतील, तर ‘वाहन’मध्ये ‘प्रत’ नावाची अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड (फक्त नाव, आत कोड नाही) ठेवावी आणि प्रत्येक सबक्लासने ती स्वतःच्या कॉपी कन्स्ट्रक्टरने, म्हणजे दिलेल्या ऑब्जेक्टवरून तसाच नवा बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरने, पूर्ण करावी. लूपमध्ये सरसकट ‘न्यू वाहन’ लिहिण्याचा मोह टाळावा, कारण त्यात दुचाकीची स्वतःची फील्ड, म्हणजे हेल्मेटांची संख्या वगैरे, मागे राहतात. सी++ मध्ये मूळ क्लासच्या व्हेक्टरमध्ये सबक्लासचे ऑब्जेक्ट थेट कॉपी केले, तर नेमके हेच निमूटपणे घडते. त्याला तिथे स्लाइसिंग म्हणतात. शिवाय गाडीच्या आत सर्व्हिसिंगच्या नोंदींची लिस्ट असेल, तर तिचीही प्रत काढावी लागते, नाहीतर वरचीच चूक एक पायरी खाली होते.

उलट्या दिशेने, म्हणजे वाहनांतून दुचाकी वेगळ्या काढताना, अख्ख्या लिस्टला कास्ट करू नये, म्हणजे ती दुचाकींचीच आहे असे कंपायलरला जबरदस्तीने सांगू नये. प्रत्येक ऑब्जेक्ट ‘इन्स्टन्सऑफ’ने तपासून, दुचाकी निघाली तरच तो नव्या लिस्टमध्ये टाकावा.