दशांश हातात येणाऱ्या पगारावर की कापण्याआधीच्या?

प्रश्न: पाळकसाहेब, कर्जाचा हप्ता आणि आईची औषधं यांत पगार संपतो, महिनाअखेरीस उसने घ्यावे लागतात. आमच्या मंडळीत सांगतात, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, न देणारा देवाला लुबाडतो. आणि तोही कापण्याआधीच्या पगारावर हवा. मी पाप करतेय का?

उत्तर: नाही, ताई.

आधी माझीच कबुली. वर्षअखेरीला हिशेबात खड्डा दिसला की मी बायबलातलं मलाखी 3:10 काढायचो, 'सगळा दशमांश भांडारात आणा'. त्या रविवारी दानाची थैली जड यायची. त्याच अध्यायाचं पाचवं वचन मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना गांजणाऱ्यांवर आहे. ते मात्र मी कधी वाचलं नाही. उपासनालय झाडणाऱ्या बाईंचा पगार तेव्हा आम्हीच थकवलेला होता!

नियमशास्त्रातला, म्हणजे जुन्या करारातल्या मोशेच्या नियमांतला, दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुराढोरांचा. मजुरीवर तो सांगितलेला नाही. तो लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेला लावलेल्या वंशाला, मिळे, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. अनुवाद या पुस्तकाचा 14वा अध्याय तर बऱ्याच जणांनी नीट वाचलेलाच नसतो: तिथे देणाऱ्यानेच घरच्यांसह देवासमोर दशमांश खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी, परदेशी, अनाथ, विधवांसाठी ठेवायचा आहे. यात कापण्याआधीचा पगार कुठे बसवणार? अब्राहामाने दिला तो लढाईतल्या लुटीचा. आणि चर्चने दशांश सक्तीचा केला तो फार नंतर. 585 साली फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने न देणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. आज कॅथलिक चर्चही मदत करणं कर्तव्य मानतं, पण टक्केवारी ठरवून देत नाही.

नव्या करारात प्रेषित पौलाने आकडा सांगितलाच नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नव्हे (2 करिंथ 9:7). आणि आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणून अडवणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये चांगलंच सुनावलं आहे. तेव्हा औषधं आधी.

पण थैली रिकामी पुढे सरकवू नका. मंडळीचं वीजबिल, पाळकाचं घर त्यातूनच चालतं. जमेल तेवढं ठरवा, थोडं का असेना, आणि उसने काढून तर मुळीच देऊ नका. कुणी आकडा विचारला तर सांगायची गरज नाही.

फक्त हप्ते फिटल्यावर हे उत्तर कापून बायबलात ठेवू नका. तेव्हा मी वेगळं बोलेन.