मंगळावर जीव शोधायला अँटिबॉडीचे सेन्सर पाठवले, तर ते वाटेतल्या रेडिएशननेच निकामी होणार नाहीत का?

नाही होणार. रेडिएशनने जीव मरतो हे खरं, पण अँटिबॉडी मुळात जिवंत नसते; ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणारं ते एक प्रथिन.

लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून 60 ते 90 ग्रे (शोषलेल्या रेडिएशनचं एकक) गॅमा किरण देतात. तेवढ्याने पेशींचं विभाजन थांबतं, कारण डीएनए लांबलचक असतो आणि किरणांच्या तावडीत सहज सापडतो. कांदा मात्र खायला तसाच राहतो. अँटिबॉडी हे डीएनएच्या मानाने इवलंसं प्रथिन. शिवाय सेन्सरच्या चिपवरच्या एकेका ठिपक्यात ती अफाट संख्येने असते, थोड्या मोडल्या तरी बाकीच्या काम करतात.

याची चाचणी प्रत्यक्ष झाली आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर 2014 ते 2016 मध्ये 'एक्सपोज-आर2' मोहिमेत सुकवलेल्या अँटिबॉडी ठेवल्या होत्या. 588 दिवसांत त्यांना मिळाले 220 मिलिग्रे, साधारण मंगळमोहिमेइतके. म्हणजे कांद्याच्या किमान डोसचा पावणेतीनशेवा भाग! परत आल्यावर 40 टक्क्यांहून अधिक अँटिबॉडी चालू होत्या, आणि रेडिएशनचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही.

मग उरलेल्या कुठे गेल्या? माझा संशय तापमानाच्या चढउतारावर आणि लांबलेल्या साठवणीवर. मी निदान-किटसाठी अँटिबॉडी हाताळते, आमचंही रोजचं दुखणं हेच. ट्रेहॅलोज साखर घालून फ्रीज-ड्राय केलेली पांढरी वडी पावसाळ्यात जरा उघडी राहिली की चिकट होऊन बसते, आणि मग तिचा भरवसा नाही. कोरडेपणा रेडिएशनलाही उपयोगी पडतो: पाणी असलं की किरणांनी त्याचे रेणू फुटून फ्री रॅडिकल्स, म्हणजे कशावरही चटकन क्रिया करणारे तुकडे, तयार होतात आणि तेच प्रथिनावर तुटून पडतात.

खरी भीती वेगळीच. मेलेला सेन्सर 'काही सापडलं नाही' असंच सांगणार. म्हणून प्रेग्नन्सी किटवर किट नीट चालतंय हे दाखवणारी कंट्रोलची रेघ असते, तसे चिपवरही कंट्रोलचे ठिपके ठेवतात. स्पेनमध्ये बनलेल्या 'सॉलिड' उपकरणाच्या चिपवर ते असतात; त्याच गटाच्या चिपने चिलीच्या अटाकामा वाळवंटात, जमिनीखाली दोनेक मीटरवर, सूक्ष्मजीवांचा माग काढला होता.

तरीही रेडिएशनची काळजी करायचीच असेल, तर सेन्सरपेक्षा ज्याला शोधायचं त्याची करा. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या मोजणीनुसार मंगळाच्या पृष्ठभागावर वर्षाला 76 मिलिग्रे पडतात. सेन्सर तिथे एखाद-दोन वर्षं राहणार. पण एखादा सेंद्रिय रेणू वरच्या मातीत 10 कोटी वर्षं पडून असेल, तर त्याच दराने त्याचा हिशेब 76 लाख ग्रेवर जातो. युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरला दोन मीटर खोल, किरण फारसे पोचत नाहीत तिथवर, जाणारा ड्रिल दिलाय, तो म्हणूनच.