मोंमार्त्रला मागच्या बाजूने चढ

अनेक आशीर्वाद.

पॅरिसचे चार दिवस आणि त्यातला एक तिथल्या मोंमार्त्र टेकडीसाठी राखून ठेवलायस, हे वाचून बरं वाटलं. "सर, तिथे काय काय बघू?" असं विचारलं आहेस. यादी फोनवर कुठेही मिळेल. मी फक्त कुठून चढायचं आणि कुठे थांबायचं ते सांगतो.

बहुतेक जण साक्रे-कर चर्चच्या समोरच्या पायऱ्यांनी वर जातात. मीही तसाच गेलो होतो. पायथ्याशी एक पोरगा हसत पुढे आला आणि काय चाललंय ते कळायच्या आत त्याने मनगटाला रंगीत दोरा बांधायला घेतला. मी राखीची सवय असलेला माणूस, हात पुढे धरून उभा! मग ओवाळणी मागितली वीस युरो. दहावर सुटका झाली. तेव्हा तू हात खिशात ठेव, किंवा त्याहून बरं म्हणजे मेट्रोच्या १२ नंबर लाइनने उत्तरेकडच्या लामार्क-कोलांकूरला उतर आणि र्यू दे सोल या गल्लीने वर चढ. सकाळी नऊच्या आधी. चढ दमवतो, पण वाटेत लापँ आजील हा जुना कॅबरे लागतो आणि त्याच्यासमोर, भर शहरात, उतारावरचा द्राक्षमळा. तो १९३३ साली लावलेला आहे. त्या जागेवर इमारती येऊ नयेत म्हणून स्थानिकांनी भांडून मिळवलेला.

आता एक गोष्ट डोक्यात ठेव. चित्रकार या टेकडीवर स्फूर्ती शोधत आले असं पर्यटकांना सांगतात. मला ते फारसं पटत नाही. ते आले भाड्यामुळे. १८६० पर्यंत मोंमार्त्र पॅरिसच्या हद्दीबाहेर होतं, जकात नाक्याच्या पलीकडे. त्यामुळे दारू स्वस्त, म्हणून गुत्ते आणि नाचघरं इथे. हद्दीत आल्यावरही खोल्या बराच काळ स्वस्तच राहिल्या. पिकासो १९०४ ते १९०९ चित्रकारांच्या ज्या बातो-लावार नावाच्या इमारतीत राहिला, तिथे सगळ्या बिऱ्हाडांना मिळून पाण्याचा एकच नळ होता. आपल्या गिरगावातल्या चाळी तरी बऱ्या म्हणायच्या! मूळ लाकडी इमारत १९७० मध्ये जळाली. आज आहे ती नंतर बांधलेली. तिथे दोन मिनिटं उभी राहा आणि पुढे चल. आज त्या भागात खोली घेणं तुझ्यामाझ्यासारख्याला परवडणार नाही.

टेकडीच्या पोटात जिप्समच्या खाणी होत्या. 'प्लास्टर ऑफ पॅरिस' हे नाव पडलं ते तिथल्या या जिप्समवरून. ज्या पीओपीवरून आपल्याकडे दर गणपतीला वाद होतो, तेच हे. उत्रिलो नावाचा चित्रकार या गल्ल्यांची चित्रं काढायचा तेव्हा पांढऱ्या रंगात प्लास्टर मिसळायचा. भिंत रंगवायची तर भिंतीचाच माल. तू जुन्या भिंतीजवळ जा, पोपडा सुटलेला कोपरा शोध आणि पांढऱ्यात किती पिवळा, किती राखाडी आहे ते वहीत उतरवून घे. वर्गात "सावली म्हणजे काळा नव्हे" असं मी शंभरदा सांगितलं. तिथे अर्ध्या तासात समजेल.

पण तुला जिथे खरं थांबायचंय ती जागा म्हणजे र्यू कोर्तो, घर नंबर १२. आता तिथे मोंमार्त्रचं संग्रहालय आहे. १८७६ मध्ये चित्रकार रनुआरने इथे जागा भाड्याने घेतली होती आणि जवळच्या 'मुलँ द ला गालेत' या नाचघराचं त्याचं प्रसिद्ध चित्र त्याच काळातलं. (चित्र इथे नाही, ओर्से संग्रहालयात आहे. मोंमार्त्रची मोठी चित्रं मोंमार्त्रमध्ये शोधू नकोस.) वरच्या मजल्यावर सुझान व्हालादों या चित्रकर्तीचा स्टुडिओ पुन्हा उभा केलाय. कपडे धुणाऱ्या बाईची ही मुलगी, पोरवयात सर्कशीत कसरती करायची. पडली, ते काम सुटलं, मग चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसू लागली. रनुआर, तुलूझ-लोत्रेक यांच्यासमोर तासन् तास स्थिर बसताना ती त्यांचा हात बघत होती. कुठल्याही आर्ट स्कूलचं तोंड न पाहता शिकली. देगाने तिची रेखाटनं विकत घेतली. उत्रिलो हा तिचाच मुलगा. त्या मोठ्या खिडकीपाशी उभी राहा, फोन पिशवीत टाक आणि उजेड कुठून येतो, कुठे संपतो ते बघ. तिने काढलेल्या बायका बघताना पोटाची, मांडीची ती जाड, ठाम रेघ बघ. पुरुषांनी काढलेल्या बायकांना अशी रेघ क्वचितच मिळते.

प्लास द्यु तेर्त्रच्या चौकात पोर्ट्रेट काढणारे भेटतील. त्यांना हसू नकोस. पालिकेचा परवाना घेऊन, जेमतेम चौरस मीटरच्या जागेत बसून पोट भरतात. एखाद्याच्या मागे उभी राहून तो डोळ्यांपासून सुरुवात करतो की नाकापासून ते मात्र बघ. कॉफी तिथे पिऊ नकोस, दोन गल्ल्या खाली उतर.

एक काम माझ्यासाठी करशील? उत्रिलोची कबर सँ-व्हँसाँच्या छोट्या दफनभूमीत आहे, द्राक्षमळ्यापासून चार पावलांवर. मी गेलो तेव्हा फाटक बंद होतं. तू जाऊन ये. त्याची आई व्हालादों मात्र तिथे नाही, तिला पॅरिसला लागूनच असलेल्या सँ-ऊआँच्या दफनभूमीत पुरलंय. वेळ उरला तर तिकडेही जा, मला दोन्हींकडची एकेक रेघ हवी आहे.

तुझे,
सर