मनगटाचा मज्जातंतू तुटल्यावर औषधाची नळी घालावी की पायातली नस लावावी?

तुमचा प्रश्न असा: भावाच्या मनगटात काच घुसून मज्जातंतू तुटला, मधे 3 सेंटीमीटर अंतर पडलंय. डॉक्टर पायातली नस काढून जोडायची म्हणतात. त्याऐवजी औषध सोडणारी नळी घातली तर पाय वाचेल का, आणि हात कधी पूर्ववत होईल?

पायातली नस, म्हणजे तिथला एक मज्जातंतू, काढू द्या. आणि उशीर करू नका.

मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायचे. 2016 च्या ऑगस्टमध्ये प्रॅक्टिकलची तयारी करताना रबरी बुचात काचनळी घालत होते, ती मोडली आणि उजव्या मनगटात शिरली. जवळच्या नर्सिंग होममध्ये टाके पडले. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "नस कापली होती, बांधली." घरच्यांचा जीव भांड्यात पडला. बांधली होती ती रक्तवाहिनी. मज्जातंतू कुणी पाहिलाच नव्हता. आपण दोन्हीला नसच म्हणतो, आणि त्या एका शब्दापायी माझे चार महिने गेले.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. विचारलं की उत्तर यायचं, सूज उतरली की येईल, आणि वर बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या. निऱ्या घालताना किती चुण्या हातात आल्या ते डोळ्यांनी मोजावं लागायचं. एकदा तव्याला बोट टेकलं, ते वास आल्यावर कळलं. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसायला लागला तेव्हा एका सहकारी बाईंनी जवळजवळ ओढतच एनसीव्ही करायला नेलं, म्हणजे मज्जातंतूतून विजेचा संदेश कसा जातो ते पाहणारी तपासणी. मज्जातंतूतून अंगठ्याकडे काहीच जात नव्हतं.

डिसेंबरमध्ये मुंबईच्या एका हँड सर्जननी मनगट उघडलं. तुटलेल्या टोकाला न्यूरोमा, म्हणजे वाट चुकून गुंतलेल्या तंतूंची गाठ, झालेली. ती कापून निरोगी भाग लागेपर्यंत मागे गेल्यावर 3.5 सेंटीमीटर अंतर उरलं. पोटरीच्या मागून स्पर्शाची एक बारीक नस घेतली, तिचे चार तुकडे शेजारी शेजारी लावून पूल केला.

आता नळीबद्दल. माझ्या बहिणीचे यजमान औषधाच्या व्यवसायात आहेत. ते दर गणपतीला मला म्हणतात, "पाय उगाच कापून घेतलास, बाहेर नळ्या निघाल्यात, त्यातून औषध झिरपतं." तुमच्या प्रश्नात मला त्यांचाच आवाज ऐकू आला, म्हणून सविस्तर लिहिते.

नळ्या आहेत, खऱ्या आहेत, चांगल्याही आहेत. काही कोलॅजनच्या, काही पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या. पॉलिग्लायकोलिक म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांचंच रसायन, पाण्याने साखळ्या तुटतात आणि नळी आपोआप नाहीशी होते. तुटलेल्या मज्जातंतूची दोन्ही टोकं नळीत बसवली की त्यांतून द्रव पाझरतो, फायब्रिनची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची) एक दोरी तयार होते, तिच्यावरून श्वान (Schwann) पेशी, म्हणजे मज्जातंतूला आधार देणाऱ्या पेशी, सरकतात आणि त्यांच्या मागून तंतू वाढतो. अंतर वाढलं की ती दोरी बारीक होते किंवा धरतच नाही. स्वीडनचे हँड सर्जन गोरान लुंडबॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली उंदरांमध्ये सिलिकॉनच्या नळीत हेच दाखवलं: 10 मिलिमीटर अंतर भरून निघालं, 15 मिलिमीटर नाही. माणसात नळीची मर्यादा साधारण 3 सेंटीमीटर धरतात, तीही बोटातल्या स्पर्शाच्या बारीक नसांसाठी. मनगटातला मीडियन मज्जातंतू जाड, त्यात अंगठा फिरवणारे तंतूही असतात. पायातून घेतलेल्या तुकड्यात श्वान पेशींच्या वाटा आधीपासून आखलेल्या असतात. रिकाम्या नळीत त्या नसतात.

राहिलं औषध. मज्जातंतू वाढवणारं एनजीएफ आणि तशी वाढीची प्रथिनं शोधल्याबद्दल रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं, म्हणजे कल्पना जुनी आणि पक्की आहे. पण ही प्रथिनं शरीरात फार लवकर नष्ट होतात, म्हणून ती सूक्ष्म गोळ्यांत भरून किंवा नळीच्या भिंतीला हेपॅरिन या प्रथिनं धरून ठेवणाऱ्या पदार्थाने बांधून आठवडे-आठवडे हळूहळू सोडावी लागतात. आणि मात्रा एका जागी जास्त झाली की तंतू तिथेच घुटमळतात, पुढे बोटाकडे जातच नाहीत. जीडीएनएफ या अशाच दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत हे प्राण्यांत स्पष्ट दिसलंय. टॅक्रोलिमसने तंतू वेगाने वाढतात, पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, म्हणून ते फक्त जखमेपुरतं सोडायचे प्रयोग चालू आहेत. दवाखान्यात आज मिळणाऱ्या नळ्यांत बहुतेक वेळा औषध नसतंच. भाऊजी जे सांगतात ते प्रयोगशाळेत आहे, माझ्या मनगटासाठी नव्हतं.

वेळेचं सांगते. तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत 18 सेंटीमीटर धरा, म्हणजे सहा महिने. शिवाय जोडापाशी अडखळण्याचे काही आठवडे. मी दर रविवारी तळहातावर टिचकी मारत पुढे जायचे, जिथे झिणझिण्या उठतील तिथे बॉलपेनने खूण करायचे. ती खूण पुढे सरकताना पाहणं हा त्या वर्षातला माझा सगळ्यात मोठा आनंद होता. दुसरीकडे नसेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कामातून जातो, म्हणून माझे वाया गेलेले चार महिने अंगठ्याला महागात पडले. डोळे मिटून रवा आणि तूरडाळ ओळखणं मी पुन्हा शिकले. लोकलने ठाण्याहून थेरपीला जायचे, आठवड्यातून तीनदा. आज गरम-गार कळतं, पर्समधलं नाणं चाचपून ओळखता येतं, सुईत दोरा मात्र ओवता येत नाही. पूर्ववत हा शब्द भावाला सांगू नका.

पायाची किंमत म्हणाल तर घोट्याच्या बाहेरची बाजू आणि करंगळीकडचा भाग बधिर राहिला, पोटरीवर व्रण आहे. चालायला काही होत नाही.

मी डॉक्टर नाही, हेही लिहायला हवं. तुमच्या भावाचं अंतर टोकं साफ केल्यावर 1 सेंटीमीटरच भरलं, किंवा तुटलेली नस बोटातली निघाली, तर नळीचा विचार जरूर करा, तिथे मी विरोध करणार नाही. पण ते अंतर ऑपरेशनच्या टेबलावरच नीट कळतं, म्हणून सर्जनना आधीच विचारून ठेवा की 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त निघालं तर काय कराल. आणि भावाचा अपघात होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं आज कळवा.